फुटला की टिकला: किल्ल्यावरच्या शून्यावरून झालेला वाद

हे प्रकरण ग्वाल्हेरमधलं आहे. त्यातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, नाती आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. मुलांना चिकित्सक विचार शिकवताना माझ्या हातून काय सुटलं आणि ते पुन्हा पकडायला काय करावं लागलं, ते सविस्तर लिहिते. असा वर्ग चालवणाऱ्या इतरांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

पार्श्वभूमी

लश्करमध्ये एका मंडळाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग भरतो. सातवी ते नववीची चौदा मुलं. घरात मराठी बोलतात, शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. वहीला ‘कॉपी’ म्हणतात, आणि जोडाक्षर आलं की अडखळतात. आठवडाभर मी शाळेत गणित शिकवते. रविवारी इथे मराठी वाचन, थोडं व्याकरण आणि शेवटच्या तासाला मोकळ्या गप्पा.

त्या शेवटच्या तासाला जुलैपासून एक रूप दिलं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० आल्यापासून चिकित्सक विचार हा शब्द प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतो, पण मुलांपुढे नेमकं काय ठेवायचं हे कुणी सांगत नाही. मी ठरवलं की घरच्या मोबाइलवर आलेला एक संदेश प्रत्येकाने आणायचा आणि तो खरा की खोटा हे सगळ्यांनी मिळून तपासायचं. तासाचं नाव ‘दावा तपासू’. भिंतीवर एक तक्ता लावला. त्यात दोन रकाने होते, ‘फुटला’ आणि ‘टिकला’. जो दावा फोडेल त्याच्या नावापुढे चांदीच्या कागदाचा एक तारा.

मुलं अशी रंगली की घड्याळाकडे कुणाचं लक्ष राहीना. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हा दावा पहिल्याच रविवारी फुटला. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा रंगीत भारत फुटला. ते चित्र कुठल्याही एका रात्रीचं नव्हतं. वर्षानुवर्षं वाढत गेलेले दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवण्यासाठी ते तयार केलेलं होतं, हे एका सातवीतल्या मुलाने शोधून आणलं. त्या दिवशी वर्गात जो उत्साह होता तो मी गणिताच्या तासाला क्वचित पाहिला आहे.

एक प्रसंग मात्र तेव्हा नजरेआड केला. ग्वाल्हेरला युनेस्कोने संगीताचं सर्जनशील शहर घोषित केलं, असा संदेश एक मुलगा घेऊन आला. युनेस्कोचं नाव दिसताच बाकीच्यांनी तो खोटाच ठरवला. हा मुलगा आठवडाभर त्याच्यामागे लागला आणि २०२३ मध्ये खरोखरच तशी घोषणा झाल्याचं शोधून आला. दावा ‘टिकला’च्या रकान्यात गेला. त्याला तारा मिळाला नाही, कारण तारा फोडणाऱ्यालाच होता. तो काही बोलला नाही. मीही काही बोलले नाही.

गणपतीतली ती संध्याकाळ

गणेशोत्सवात मंडळात रोज एक कार्यक्रम असतो. पाचव्या दिवशी मुलांसाठी ‘आपलं ग्वाल्हेर’ या विषयावर बोलायला आबांना बोलावलं होतं. आबा म्हणजे सिंचन खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, वय अठ्ठ्याहत्तर. मंडळातल्या निम्म्या लोकांचं दहावीचं गणित त्यांनी एक पैसा न घेता करून घेतलेलं. आरती झाली, खिरापत वाटून झाली, सतरंजीवर मुलं पुढे आणि खुर्च्यांवर मोठी माणसं मागे बसली.

आबा तानसेनाबद्दल बोलले, ग्वाल्हेर घराण्याबद्दल बोलले, मग किल्ल्यावर आले. “आणि बाळांनो, जगातला पहिला शून्य कुठे आहे माहीत आहे? आपल्या किल्ल्यावर. चतुर्भुज मंदिरात.”

आठवीतली एक मुलगी उभी राहिली. तिला इथे छोटी म्हणते. हात वर न करताच ती म्हणाली, “आबा, हे चूक आहे. कंबोडियात याच्यापेक्षा एकशे त्र्याण्णव वर्षं जुना शून्य आहे.”

मागून कुणीतरी विचारलं, “मग आपल्या किल्ल्यावरचा खोटा आहे का गं?”

छोटी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “हो.”

पुढे बसलेल्या तीन-चार मुलांनी एकदम आरोळी ठोकली, “फुटला!” आणि टाळ्या वाजल्या. माझ्या वर्गातल्या टाळ्या होत्या त्या, मी शिकवलेल्या.

आबांनी हातातला टिपणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. “बरं, मुलांना आता जास्त माहीत आहे,” एवढं म्हणून ते खाली बसले. त्यांचं अर्धं बोलणं व्हायचं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या काकूंनी घाईघाईने पुढचं गाणं सुरू केलं.

रात्री दहापर्यंत मला सहा फोन आले. समितीतले एक काका म्हणाले, “तुम्ही मुलांना उलट बोलायला शिकवताय.” दोन पालकांनी मुलांना यापुढे पाठवणार नाही म्हणून कळवलं. छोटीचे वडील चिडलेले होते, पण त्यांचा आवाज खाली होता. “मॅडम, घरी ती जेवली नाही. एकच विचारतेय, मी खरं बोलले ना?”

अडचण नेमकी कुठे होती

त्या रात्री मला वाटलं की अडचण सरळ आहे: मूल खरं बोललं आणि मोठ्यांना ते सहन झालं नाही. सकाळी कागद घेऊन बसले, छोटीने काय म्हटलं ते शब्दाला शब्द लिहून काढलं, तेव्हा चित्र बदललं.

कंबोडियाचा मुद्दा तिचा बरोबर होता. मेकाँगकाठी सांबोर इथे सापडलेल्या शिलालेखात शक ६०५ हे वर्ष आकड्यांत कोरलं आहे, मधलं शून्य ठिपक्याच्या रूपात. शकात ७८ मिळवले की इसवी सन ६८३ येतं. जॉर्ज सेदेस या फ्रेंच अभ्यासकाने १९३१ मध्ये तो प्रसिद्ध केला. चतुर्भुज मंदिरातल्या लेखावर विक्रम संवत ९३३ आहे, त्यातून ५७ वजा केले की ८७६. फरक १९३ वर्षांचा. वजाबाकी तिने स्वतः केली होती आणि ती अचूक होती.

पण ‘हे चूक आहे’ यातलं ‘हे’ म्हणजे काय? आबांच्या वाक्यात निदान तीन गोष्टी होत्या: किल्ल्यावर शून्य आहे, तो फार जुना आहे, तो जगात पहिला आहे. पहिल्या दोन पूर्ण खऱ्या, तिसरी खोटी. छोटीने तिन्ही एका फटक्यात खोट्या ठरवल्या, आणि कुणी सरळ विचारल्यावर खऱ्या शून्यालाही खोटं म्हटलं. म्हणजे त्या सभागृहात त्या संध्याकाळी दोन चुकीची विधानं झाली, एक आबांचं आणि एक तिचं. टाळ्या दुसऱ्याला मिळाल्या.

बी.एड.ला आम्ही ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाची १९५६ ची शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड पाठ केली होती: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. माझी मुलं पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारत होती. समोरचा काय म्हणतोय ते समजून घ्यायच्या आत निकाल तयार. तक्त्यालाही तेच हवं होतं. फोडायला तारा होता, समजून घ्यायला नव्हता.

माझ्याबरोबर वर्ग घेणाऱ्या संस्कृतच्या निवृत्त बाई आहेत. त्यांनी हे माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या आपल्या जुन्या शास्त्रात, बोलण्याचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य काय ते कळावं म्हणून दोघं मिळून बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची काही बाजू न मांडता फक्त समोरच्याचं पाडायचं, ती वितंडा. बाई म्हणाल्या, “तुझ्या तासाला वितंडेचा सराव होतोय. वादाचा अजून सुरूच झाला नाही.” मला ते लागलं. पण बाई खोटं बोलत नव्हत्या.

कोणते मार्ग समोर होते

समितीने मागितलेला मार्ग असा: विसर्जनाच्या दिवशी छोटीने सगळ्यांसमोर आबांची माफी मागावी आणि विषय संपवावा. वरवर पाहता तो सोपा होता. मंडळ शांत झालं असतं, सभागृह हातचं गेलं नसतं. पण माफी कशाची? माफी मागताना ‘कंबोडियाचं खरं आहे’ हे म्हणायची मुभा तिला मिळाली नसती, हे स्पष्ट होतं. तिला जे शिकायला मिळालं असतं ते असं की खरं शोधून काढलं तरी शेवटी वाकावं लागतं. बाकीची तेरा मुलंही तेच शिकली असती, फुकटात.

आणि इथे एक गोष्ट मला बोलल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी याच मंडळात नववीतल्या एका मुलाने एका पाहुण्यांना पानिपताच्या सालावरून अडवलं होतं. तेव्हा सगळे हसले, “वकील होणार हा,” म्हणाले. माफी कुणी मागितली नव्हती. छोटीच्या जागी मुलगा असता तर सहा फोन आले असते का, हा प्रश्न मी समितीच्या बैठकीत विचारला. उत्तर आलं नाही. पण माफीची मागणी त्यानंतर जरा मवाळ झाली.

दुसरा मार्ग होता तास बंद करून व्याकरण आणि पाढ्यांकडे परत जायचा. तो मी फार वेळ विचारात घेतला नाही. मुलं मोबाइलवर जे वाचायचं ते वाचतच राहिली असती, फक्त आमच्याशिवाय.

तिसरा मार्ग माझ्या मनाला सगळ्यात जवळचा होता, म्हणून त्याच्याबद्दल जास्त सावध राहावं लागलं. छोटीच्या पाठीशी उभं राहायचं, शिलालेखांची माहिती छापून समितीपुढे ठेवायची आणि म्हणायचं, पाहा, मुलगी बरोबर आहे. दोन दिवस मी हेच करणार होते. माहितीचे कागद काढूनही झाले होते. बाईंनी ते वाचले आणि विचारलं, “हे आबांना दाखवलंस?” नव्हते दाखवले. मी समितीला हरवायला निघाले होते. म्हणजे वर्गात मुलं जे करत होती तेच मी मोठ्या माणसांत करणार होते.

चौथा मार्ग त्या प्रश्नातून निघाला: तोच दावा पुन्हा उघडायचा, यावेळी शेवटपर्यंत तपासायचा, आणि तपासणाऱ्यांत आबांना घ्यायचं. यात धोके होते. आबा नाही म्हणाले असते. छोटी पुन्हा बोलायला तयार झाली नसती. समितीला वाटलं असतं की मी शिळ्या कढीला ऊत आणतेय. तरी हाच निवडला, कारण या एकाच मार्गात दावा आणि माणूस दोन्ही जागेवर राहत होते.

काय केलं

आधी एकटी आबांकडे गेले. छोटीला नेलं नाही, आणि हा निर्णय योग्य होता असं आजही वाटतं. तिला पुढे करून मी माझी चूक तिच्या तोंडून वदवून घेतली असती. आबांना तक्त्याबद्दल सांगितलं, ताऱ्यांबद्दल सांगितलं, आणि म्हटलं, “टाळ्या मी शिकवल्या. चूक माझी आहे.”

आबा बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत होते. मग म्हणाले, “पोरीने चूक दाखवली त्याचं नाही गं वाटलं. टाळ्या वाजल्या त्याचं वाटलं.” आणि थोड्या वेळाने, “चाळीस वर्षं मी हे सांगतोय. कुठे वाचलं होतं ते आठवायला गेलो, तर आठवेचना. तुझ्याकडे ते कंबोडियाचं काही आहे का?” माझ्या पिशवीत समितीला हरवण्यासाठी काढलेले कागद होते. ते त्यांना दिले.

पुढच्या रविवारी तक्ता भिंतीवरून काढला. मुलांना कारण सांगितलं, लपवाछपवी केली नाही. संगीताच्या शहराचा दावा तपासणाऱ्या मुलाची सगळ्यांसमोर क्षमा मागितली. तो लाजला, पण त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसला.

नवीन नियम एकच ठेवला. कुणाचं म्हणणं खोडायच्या आधी ते त्याच्यापुढे असं मांडायचं की तो स्वतः म्हणेल, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ बाईंनी त्याला पूर्वपक्ष म्हणायला शिकवलं. आणखी एक शब्द बदलला. मुलं म्हणायची, ‘मला या मेसेजवर संशय आहे.’ मी म्हटलं, इथे संशय घ्यायचा नाही, शंका विचारायची. मराठीत संशय घेतला जातो आणि शंका विचारली जाते. संशय घेणारा दाराबाहेर उभा असतो, शंका विचारणारा आत येऊन बसलेला असतो. हा फरक मुलांना लगेच कळला, कारण आजी-आजोबांच्या तोंडचे हे शब्द त्यांच्या कानांवरचे आहेत.

मग शून्य. फळ्यावर वाक्य लिहिलं: जगातला पहिला शून्य ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे. कात्रीने कापावं तसं त्याचे तुकडे केले आणि दोन-दोन, तीन-तीन मुलांना एकेक तुकडा दिला. ‘जगातला’ ज्यांच्याकडे आला त्यांनी कंबोडिया काढला, सुमात्रातले सातव्या शतकाअखेरचे लेख काढले. ‘पहिला’वाल्यांना वाटलं आपल्याला काही कामच नाही, आणि सगळ्यात जास्त काम त्यांनाच पडलं. ‘शून्य’वाल्यांचं तर भांडणच झालं. शून्य म्हणजे रिकामी जागा दाखवणारी खूण का? तशी खूण बाबिलोनमध्ये इसवी सनापूर्वी होती, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांकडेही होती. की दशमान पद्धतीत आकड्यांच्या ओळीत बसणारं चिन्ह? की ज्याच्याशी बेरीज-वजाबाकी करता येते अशी संख्या? संख्या म्हणाल तर तिचे नियम ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने ६२८ मध्येच लिहून ठेवले, किल्ल्यावरचा लेख कोरला गेला त्याच्या अडीचशे वर्षं आधी.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अकरा मुलं घेऊन किल्ल्यावर गेलो. गुजरी महालाच्या बाजूने चढलो, गणेश पोळ हा दरवाजा मागे टाकला. आबांचे गुडघे दुखतात, त्यांना त्यांच्या मुलाने उरवाई दरवाजाने गाडीतून वर नेलं आणि हाथी पोळेपासून काठी टेकत ते हळूहळू खाली मंदिरापर्यंत उतरले. चतुर्भुज मंदिर एकाच खडकातून कोरलेलं, लहानसं आहे. आत काळोख होता. मोबाइलचा उजेड लेखावर फिरवत मुलं शोधत होती. चौकीदार बजावत होता, “हाथ मत लगाना, बेटा।” शून्य ज्याला पहिल्यांदा दिसला तो सातवीतला मुलगा कुजबुजला, “एवढासा?” दोन आणि सातच्या शेजारी एक लहानसं वाटोळं कडं, बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक, ओळीच्या किंचित वर. आमच्यातलं कुणीही वहीत काढतं तसंच. अकरा मुलं एका मिनिटासाठी गप्प झाली. असं गप्प होणं मी त्यांना शिकवू शकले नसते.

लेखात लिहिलंय की देवाच्या फुलांसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग दिली आणि रोज पन्नास माळा द्यायच्या. पन्नासमध्येही शून्य आहे. आबांनी तिथेच मुलांना कामाला लावलं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. साधारण दीड फूट धरा, बाग किती मोठी? छोटी पायरीवर बसून गुणाकार करत होती. अडीच एकरांच्या थोडं वर. “म्हणजे बाग खरी होती,” ती म्हणाली. मला वाटतं, ‘खोटा आहे का?’ या प्रश्नाचं तिचं उत्तर तिथे, त्या पायरीवर बदललं.

परत येताना आबांनी एक प्रश्न टाकला, आणि पुढचे दोन रविवार त्यातच गेले. “दगड जुना असला म्हणून आकडा जुना कशावरून?” मुलांनी शोधलं: इथे वर्ष लेखातच कोरलं आहे, म्हणून शंका कमी. मग बख्शाली हस्तलिखिताचं उदाहरण आलं. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेलं भूर्जपत्रावरचं गणित, त्यात शून्यासाठी ठिपके, पण साल कुठेच नाही. २०१७ मध्ये ऑक्सफर्डने त्याच्या तीन पानांची कार्बन चाचणी जाहीर केली, तर पानांचे काळ एकमेकांपासून शेकडो वर्षं दूर निघाले. काही अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली की सगळं लिखाण एकसंध दिसतं, मग सगळ्यात जुन्या पानाचं वय सगळ्या लिखाणाला कसं लावता? आबा म्हणाले, “झाडाची साल कधीची ते चाचणी सांगते. शाई कधीची ते नाही.” इंजिनिअरचं वाक्य होतं ते. मुलांनी कॉपीत लिहून घेतलं.

निष्पत्ती

कोजागरीला, आटवलेल्या दुधाच्या पातेल्याशेजारी, आबा आणि छोटी दोघं एकत्र उभे राहिले. छोटीने आधी आबांचं मूळ वाक्य सांगितलं आणि त्यातलं काय खरं ते सांगितलं. मग आबांनी स्वतः कंबोडियाचा भाग सांगितला. शेवटी मुलांनी मिळून तयार केलेलं वाक्य वाचून दाखवलं: भारतात दगडावर कोरलेल्या आणि काळाबद्दल वाद नसलेल्या शून्यांत ग्वाल्हेरचा शून्य सर्वांत जुन्यांपैकी आहे, कंबोडियातला त्याहून १९३ वर्षं जुना आहे, आणि शून्याशी गणित करायचे नियम त्या दोघांच्याही आधीचे आहेत. एक मुलगा मागून म्हणाला, “एवढं मोठं वाक्य कोण लक्षात ठेवणार?” तक्रार खरी आहे. आखूड दावा पसरतो तसं हे वाक्य पसरणार नाही.

छोटीने आबांची माफी मागितली, कुणी न सांगता, आणि तिच्या शब्दांत. “आबा, मी ‘हो’ म्हणाले ते चूक होतं. कंबोडियाचं चूक नव्हतं.” आबा म्हणाले, “बरोबर.”

सगळं काही सावरलं असं म्हणता येणार नाही. काढून घेतलेल्या दोन मुलांपैकी एकच परत आलं. दुसऱ्याच्या आईला मी दोनदा भेटले, तिचं म्हणणं बदललं नाही. समितीने आमचा शेवटचा तास सभागृहातून मागच्या खोलीत हलवला. जागेचं कारण दिलं, मी ते मान्य केलं. डिसेंबरमध्ये मुलांना एक जुना विनोद तपासायला दिला: शून्याचा शोध आर्यभटाने लावला, तर रावणाची दहा डोकी कशी मोजली? अकरा जणांपैकी चौघांनी आधी विचारलं की ‘शोध’ म्हणजे संख्या की चिन्ह. त्यातल्या एकीने रोमन एक्स काढून दाखवला, शून्याशिवाय दहा लिहिता येतात. बाकीचे सात जण थेट मोबाइलकडे धावले. सहा महिन्यांत चौघं, ही मला मोठी गोष्ट वाटते. पुरेशी वाटत नाही.

आणि छोटी. ती आता आधीइतक्या लवकर बोलत नाही. हात वर करते, थोडी थांबते. हे थांबणं विचाराचं आहे की भीतीचं, हे मला अजून नीट ओळखता येत नाही, आणि ते मनाला लागून आहे.

पुन्हा करायचं झालं तर

तारे मुळात देणार नाही. द्यायचेच झाले तर टिकलेल्या दाव्यालाही तेवढेच. त्याहूनही आधी काही आठवडे फक्त खरी ठरणारी विधानं तपासायला देईन. खरं विधान खरं आहे हे दाखवायला किती खटपट पडते ते मुलांनी आधी अनुभवावं, मग खोट्याकडे जावं. आम्ही उलट्या क्रमाने गेलो.

दाव्याबरोबर ‘तुला हे कुठून कळलं?’ हा प्रश्नही पहिल्या दिवसापासून ठेवीन, आणि तो मुलांना स्वतःलाच विचारायला लावीन. छोटीने कंबोडियाबद्दल एकाच ठिकाणी वाचलं होतं. ते खरं निघालं, पण ते खरं आहे हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, तिने ते मानलं होतं. आबांनीही चाळीस वर्षांपूर्वी तेच केलं होतं. दोघांच्या चुकीचं मूळ एकच, आणि हे वर्गात मी फार उशिरा बोलले.

चारचौघांत शंका कशी विचारावी याचा सरावही करून घेईन. तो करताना हात आखडतो, हे कबूल करते. ‘विचारायची एक पद्धत असते’ हे वाक्य आपल्या घरांमध्ये प्रश्न बंद करायलाच जास्त वापरलं जातं, मुलींच्या बाबतीत तर हमखास. म्हणून सराव दोन्हीकडून हवा. मुलांनी ‘आबा, तुम्ही पहिला म्हणालात, म्हणजे सापडलेल्यांत पहिला का?’ असं विचारायला शिकावं, आणि मोठ्यांनी ‘मला माहीत नाही, शोधून सांगतो’ म्हणायला शिकावं. दुसरा सराव मुलांच्या वर्गात होऊ शकत नाही. पुढच्या गणपतीत मोठ्यांसाठी तसा एक कार्यक्रम ठेवा, असं समितीला लेखी दिलंय. उत्तर यायचं आहे.

गेल्या आठवड्यात ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागून शून्य येतं असं लिहिल्याचं मुलांना सांगितलं. आज गणित ते मान्य करत नाही. एवढा मोठा माणूस चुकला म्हणून आरोळी येईल अशी मला धास्ती होती. छोटी म्हणाली, “त्याला शून्य येईल असं का वाटलं असेल?” त्यावर अजून चर्चा चालू आहे. आबांचाही परवा फोन आला होता. अडीच एकर फुलबाग म्हणजे पाणी लागणार, ते कुठून आणत होते याचा लेखात काही उल्लेख आहे का, हे त्यांना हवं आहे. येत्या रविवारी मुलं लेखाचा अनुवाद घेऊन त्यांच्या घरी जाणार आहेत.